तुल्लिओच्या होडीचा मांडव

आमच्या जुदेक्का बेटावर तुल्लिओ त्सेन्नारोला सगळे 'पाटी' म्हणतात. पाटी म्हणजे धक्क्यावर लावतात ती, सूचनांची. उभा जन्म त्यानं प्रवासी बोटीवर खलाशी म्हणून काढला. बोट धक्क्याला आली की खुंटाला दोर टाकायचा, पीळ द्यायचा, दांडा सरकवून दार उघडायचं, माणसं उतरवायची, चढवायची, की पुन्हा दोर सोडायचा. या कामाला तोंड लागत नाही. पण तुल्लिओचं तोंड हातांच्या आधी चालायचं.

"पाठीवरची पिशवी हातात घ्या, मागच्या बाईचं नाक फुटेल." "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, बोट कुठे पळून चाललीय?" "तिकीट चढण्याआधी यंत्राला लावा, नंतर माझ्यापुढे रडू नका." "तुम्हाला स्टेशनला जायचंय ना? मग ही नाही, पलीकडच्या धक्क्यावरची." हे सगळं चार भाषांमध्ये, आणि चारही भाषा ऐकायला आमच्या व्हेनिसच्याच वाटायच्या.

बरं, कामावरून सुटला म्हणजे गप्प बसेल, तर तेही नाही. रस्त्यात दिसेल त्या पाहुण्याला धरून तो शहाणपण वाटत फिरायचा. पाण्याच्या बाटल्या कशाला विकत घेता, चौकातल्या नळाचं पाणी प्या, आम्ही तेच पितो. कॉफी उभ्यानं प्या, बसलात की भाव बदलतो. हातात सँडविच घेऊन घाटावर उभे राहू नका, सीगल पक्षी बघून ठेवतोय. पुलाच्या पायऱ्यांवर बसू नका, तो आमचा रस्ता आहे, सोफा नव्हे. आणि सगळ्यांत लाडकं वाक्य, जे त्यानं आम्हालाही हजारदा ऐकवलं: "घराबाहेर पडण्याआधी पाण्याकडे बघावं."

मी ब्रूना. त्याच्या खालच्या मजल्यावर राहते, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. वरून तुल्लिओचा आवाज आला की मी खिडकी लावून घेते. तरीही सांगते, असा सरळ माणूस या बेटावर दुसरा नाही. फक्त तो थोडा कमी बोलला असता तर माझं डोकं कमी दुखलं असतं.

त्याची बायको एल्दा. त्याच्यापेक्षा वीतभर उंच, कापडाच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, हसली की वरच्या मजल्यावरून खालपर्यंत ऐकू येतं. दोघांचं जमलं तेव्हा एल्दाच्या आईला हे स्थळ पसंत नव्हतं. खलाशी, तोही बुटका. त्या दिवसांत तुल्लिओनं तिला वचन दिलं होतं, की रेदेन्तोरेच्या रात्री आपण दोघंच आपल्या होडीतून सान मार्को चौकासमोरच्या पाण्यात जाऊ, मांडवाखाली जेवू आणि दारूकाम बघू.

रेदेन्तोरे हा आमचा जुलैमधला मोठा सण. प्लेगची साथ संपली म्हणून पूर्वजांनी देवाचे आभार मानले होते, ते आम्ही अजून मानतोय, आता जरा जास्त खाऊनपिऊन. पलीकडच्या काठापासून आमच्या बेटावरच्या देवळापर्यंत तरंगता पूल टाकतात, आणि एरवी बोटीशिवाय न येणारी माणसं चालत येतात. घाटावर टेबलं लागतात. आपली जागा कोणती, हे दोन दिवस आधीच जमिनीवर चिकटपट्टी लावून नाव लिहून ठरवायचं असतं. ज्यांच्याकडे होडी आहे ते तिच्यावर हिरव्या फांद्यांचा मांडव घालतात, कागदी कंदील टांगतात आणि दिवस मावळायच्या आत पाण्यात जागा धरतात.

आता गंमत बघा. ज्या रात्री सगळं शहर पाण्यावर, त्याच रात्री प्रवासी बोटींना सर्वांत जास्त काम. लग्नानंतरच्या पहिल्या रेदेन्तोरेला तुल्लिओची पाळी लागली. दुसऱ्याला लागली. पुढे ती जणू त्याच्या नावावरच लिहिली गेली. कधी कुणाचं मूल आजारी, कधी कुणाची बायको बाळंत, आणि तुल्लिओचा स्वभाव नाही म्हणायचा नाही. एल्दा घाटावर आमच्या टेबलाशी जेवायची. त्याच्या वाट्याचा डबा भरायची, कांदा, व्हिनेगर, मनुका घालून दोन दिवस मुरवलेल्या तळलेल्या सार्डिन माशांचा, आणि बोट आमच्या धक्क्याला लागली की त्याच्या हातात द्यायची. तो डबा घ्यायचा, दोर सोडायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

ती कधी कुरकुरली नाही. पण त्याला ते लागलं होतं. एकदा जिन्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, "ब्रूना, इतरांचे नवरे दारू पितात, पत्ते खेळतात. मी तिचे सगळे रेदेन्तोरे खाल्ले." मी म्हटलं, "जिना पुसलाय, जपून जा."

यंदा वसंतात तो निवृत्त झाला. एल्दाला वाटलं आता घरात चोवीस तास पाटी वाचावी लागणार. पण तुल्लिओनं वडिलांची जुनी सपाट बुडाची होडी गास्तोनेच्या होड्यांच्या कारखान्यामागच्या शेडमधून बाहेर काढली. फळ्या बदलल्या, सांधे भरले, रंग दिला, मागे छोटी मोटार बसवली. जूनमध्ये सान पिएत्रोच्या चर्चची जत्रा होती, तिथे तो एल्दाला घेऊन गेला, तळलेले मासे खाल्ले, नाचलाही म्हणे. पीचच्या जत्रेला गेले, पेटीभर पीच घेऊन आले, आम्हाला वाटले. सप्टेंबरातल्या होड्यांच्या मोठ्या शर्यतीला कुठे उभं राहायचं तेही त्यानं ठरवून टाकलं. इतक्या वर्षांचा उन्हाळा एकाच उन्हाळ्यात बसवायचा चालला होता. पण खरी तयारी रेदेन्तोरेची.

मांडव त्यानं एकट्यानं बांधला. चार कोपऱ्यांना चार वासे, ठोकून पक्के केलेले, वर दोऱ्यांची जाळी, जाळीवर फांद्या. आमच्या समोर राहणारा गास्तोने, जन्मभर होड्या दुरुस्त करणारा आणि त्याहून जास्त जेवणारा, बघायला आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, उंच झालाय."

"एल्दाला वाकावं लागू नये," तुल्लिओ म्हणाला. "तिला ताठ उभं राहता आलं पाहिजे."

"कालव्याच्या तोंडावर पूल आहे, माहितेय ना?"

"मला सांगतोस? सकाळी काठीनं मोजून आलोय. खालून जाते, वर हातभर उरतं."

इथेच घोडं पेंड खात होतं. मोजलं ते सकाळी, ओहोटीला. ज्या माणसानं आयुष्यभर आम्हाला पाण्याकडे बघायला लावलं, तो स्वतः आनंदाच्या भरात बघायचं विसरला. त्याच्या बोटी मोठ्या कालव्यातून जायच्या, तिथल्या पुलांखालून हत्तीही जाईल. आमच्या या चिमुकल्या पुलाशी त्याचा होडीतून कधी संबंधच आला नव्हता.

सणाच्या संध्याकाळी ते दोघं निघाले. एल्दानं निळा पोशाख घातला होता, ओठांना रंग लावला होता. मुरवलेले मासे, लसूण घातलेल्या छोट्या गोगलगाई, भरलेलं बदक, कलिंगड, वाइनचा बुधला, सगळं होडीत चढलं. तुल्लिओनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आम्ही घाटावर टेबलं मांडत होतो, ती सोडून त्यांना बघायला कालव्याशी आलो. लाल-पिवळे कंदील झुलत होते. मी तिला इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंही.

होडी पुलापाशी गेली आणि अडकली. मांडवाची पुढची कड कमानीच्या दगडाला टेकली, दोन कंदील चुरगाळले. तुल्लिओनं होडी मागे घेतली, पुन्हा पुढे घातली. पुन्हा खर्र. भरती चढत होती, त्यात दुपारपासून सुटलेला दक्षिणेचा वारा आणखी पाणी आत लोटत होता, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. चार बोटं. मांडव फक्त चार बोटं जास्त उंच होता.

मग गास्तोने अगदी गोड आवाजात म्हणाला, "घराबाहेर पडण्याआधी पाण्याकडे बघावं."

सगळा काठ हसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मीही म्हणणार होते, पण तुल्लिओचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. तो हसत नव्हता. त्याला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं, की थोड्या वेळात पोलीस सान मार्कोसमोरचं मोठं पाणी होड्यांना बंद करतात. तोवर जो आत गेला तो गेला, बाकीच्यांनी घरी बसायचं. आणि भरती काही ओसरायच्या बेतात नव्हती, ती अजून चढणार होती.

"वासे काप," गास्तोने म्हणाला. "करवत आणू?"

"वासे कापले तर सगळंच खाली येईल. पुन्हा उभं करायला वेळ कुठाय?"

"मग मांडव नको," एल्दा म्हणाली. "असेच जाऊ."

"नाही," तुल्लिओ म्हणाला. "मांडवाखाली म्हणालो होतो. मांडवाखालीच."

माणसानं साठी ओलांडली तरी हट्टाला वय नसतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला तो उगाच मोटार चाचपत होता. मला त्याचा भयंकर राग आला, आणि तेवढीच कीवही आली. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी दोर धरणाऱ्या माणसाला स्वतःच्या गल्लीतून बाहेर पडता येऊ नये?

काठावर चार माणसं जमली की पाच मतं निघतात. कुणी म्हणालं होडी तिरकी करा. कुणी म्हणालं दोन तास थांबा. शेवटी गास्तोनेनंच कपाळावर हात मारला. "आम्ही कारखान्यातून उंच माल कसा बाहेर काढायचो? वजन टाकून. होडी जड करा, खाली बसेल."

"कसलं वजन?" तुल्लिओनं विचारलं.

गास्तोनेनं स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि उत्तराची वाट न बघता होडीत उतरला. होडी चांगली हलली. एल्दा खो खो हसत सुटली. त्याच्यामागून मी उतरले, मग गास्तोनेची बायको, मग त्याचा भाऊ आणि भावजय. आमच्या टेबलावरचं जेवणही उतरलं, कारण मांजरांच्या भरवशावर मासे कोण ठेवणार? वाइनचे आणखी दोन बुधले आले. मी खाली वाकून बघितलं.

"अजून दोन बोटं," मी म्हटलं.

पुलाच्या पायऱ्यांवर एक परदेशी जोडपं पिझ्झा खात बसलं होतं. ताडासारखी उंच, सोनेरी केसांची दोघं. मगाशीच तुल्लिओनं त्यांना उठवलं होतं, आणि तो गेल्यावर ती पुन्हा बसली होती. आता त्यानं वर बघितलं. मी त्याला ओळखते, त्याच्या जिवावर आलं होतं.

"तुम्ही दोघं," तो म्हणाला. "या. होडीत या."

पोरगी घाबरली. "आम्ही उठतोय, सॉरी."

"उठू नका... म्हणजे उठा, पण इकडे या. वजन किती तुमचं?"

हा प्रश्न तिला कुठल्याच देशात कुणी इतक्या आदरानं विचारला नसेल. पण त्यांना लगेच कळलं, डेन्मार्कची माणसं, होड्यांमध्येच वाढलेली. पिझ्झ्यासकट उतरली. होडी आणखी बसली. आता काठ पाण्यापासून इतका जवळ आला, की मी मनात देवाचं नाव घेतलं.

"सगळे खाली," तुल्लिओ म्हणाला. "आडवे व्हा. गास्तोने, श्वास सोड."

आम्ही एकमेकांच्या अंगावर आडवे झालो. माझं डोकं कलिंगडावर, डेन्मार्कवाल्याचे पाय माझ्या मांडीवर. तुल्लिओनं मोटार बंद केली आणि पुलाच्या दगडाला हात लावून होडी हातांनीच ओढत नेली, जशी आयुष्यभर बोट धक्क्याला आणली तशी, अलगद. वर पानांचा खसखस आवाज. एक कंदील फाटला. मग दुसऱ्या बाजूचा उजेड तोंडावर आला, आणि पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता उतरा," तुल्लिओ म्हणाला.

पण उतरणार कुठे? पुलापलीकडे थेट मोठं पाणी, घाट उंच, पायऱ्या नाहीत. शिवाय समोरून पोलिसांची बोट हात हलवत होती, आत या नाहीतर बाहेर राहा म्हणून. तुल्लिओनं आमच्याकडे बघितलं, एल्दाकडे बघितलं, आणि मोटार चालू केली.

सान मार्कोसमोर शेकडो होड्या दाटल्या होत्या. आम्ही नांगर टाकला, दोन्ही बाजूंच्या होड्यांना दोर बांधले आणि खायला सुरुवात केली. पोटं रिकामी होती, आणि बदक तर असं झालं होतं, विचारू नका. डेन्मार्कच्या पोरीला गोगलगाई टाचणीनं कशा काढायच्या ते गास्तोनेनं शिकवलं, तिनं त्याच्यापेक्षा जास्त खाल्ल्या. शेजारच्या होडीतून पीच घातलेली वाइन आली, आमच्याकडून मासे गेले. कुणीतरी गाऊ लागलं. सूर्य गेला, कंदील लागले.

तुल्लिओ एकटाच मागे मोटारीपाशी उभा. बसायला जागाच नव्हती. एल्दा ताटली घेऊन त्याच्याकडे गेली. मी मुद्दाम ऐकत नव्हते, पण त्या होडीत न ऐकायला जागा नव्हती.

"खा," ती म्हणाली.

"दोघंच म्हणालो होतो मी."

"हो. म्हणाला होतास."

"एवढं एक काम. आयुष्यात एकच. तेही धड जमलं नाही. आख्खी गल्ली घेऊन आलो."

एल्दानं ताटली त्याच्या हातात कोंबली. "अरे बाबा, दोघंच जाऊ हे तू म्हणालास तेव्हा मी विशीत होते. आई पाळतीवर असायची, म्हणून दोघंच हवं होतं. त्यानंतर मला कधी दोघंच नको होतं. दर वर्षी टेबलावर ही सगळी असायची. ब्रूना असायची, गास्तोने असायचा, हसायचे, भांडायचे. सगळे असायचे, तुल्लिओ. फक्त तू नसायचास."

मान खाली घालून तो मासे खात राहिला, आणि मी डोळे पुसायला रुमाल शोधत राहिले.

मग धडाका झाला. दारूकाम सुरू झालं. आजूबाजूच्या होड्यांमधून 'आहा'चे आवाज आले. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या, आणि आम्हाला दिसली पानं. दाट, हिरवी, सुंदर पानं. त्यांच्या फटींतून कुठे लाल, कुठे सोनेरी ठिपका. इतक्या हौसेनं घातलेला मांडव आमच्या आणि आकाशाच्या मधोमध पसरला होता.

ज्या मांडवासाठी एवढं रामायण झालं, त्याला नावं कोण ठेवणार? गास्तोनेसुद्धा गप्प होता, आणि त्याला ते किती जड जात होतं ते दिसत होतं. डेन्मार्कचा मुलगा फार भला. मोडक्या इटालियनमध्ये म्हणाला, "फार छान पानं."

तुल्लिओनं ताटली खाली ठेवली. तो आमच्या डोक्यांवरून, खांद्यांवरून पाय टाकत होडीच्या मध्यावर आला. फळीवर चढला, हात वर केले आणि फांद्या ओढायला लागला. मुठी भरभरून. पानं आमच्या केसांत पडली, वाइनमध्ये पडली. त्यानं जाळीच्या गाठी सोडल्या, दोऱ्या गोळा केल्या. विझू नयेत म्हणून एकेक कंदील सोडवून त्यानं ज्याच्या त्याच्या हातात दिला, आधी त्या परदेशी पोरीच्या, मग माझ्या, मग सगळ्यांच्या. वर एकाएकी उघडं आभाळ आलं, आणि ते सगळं सोनेरी होऊन आमच्यावर कोसळत होतं. सान मार्कोचा मनोरा, पाणी, माणसांची तोंडं, सगळं लखलखलं. मी मोठ्यानं हसत होते आणि का ते मला माहीत नव्हतं.

तो फळीवरून उतरला. सदरा फाटलेला, हात चिकानं हिरवे. आता करायला काही उरलं नव्हतं, आणि सवयीनं तो पुन्हा मागे, त्याच्या उभं राहायच्या जागी निघाला. एल्दानं त्याचा फाटका सदरा मागून धरला.

"सरका गं जरा," ती आम्हाला म्हणाली. "माझा नवरा आलाय."